घड्याच्या गळ्यावरचे तीन अंगठे

चंद्रभागाबाई तायड्यांना खोटं बोलणं कधी जमलं नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तर ताट वाढायच्या आधीच त्या सांगून मोकळ्या व्हायच्या. आयुष्यात त्यांनी एकदाच लबाडी केली, तीही बावन्नाव्या वर्षी, आणि ती तोंडाने न करता हातांनी केली. हातांना ती इतकी सुरेख साधली की वर्षभर सुरतेतल्या भल्याभल्या अभ्यासकांना तिचा वास लागला नाही. लागला तो एका मशीनला.

बाई मूळच्या बुलढाण्याकडच्या. नवरा नागनाथ लूमवर कामाला लागले म्हणून तीस वर्षांपूर्वी सुरतेत आल्या आणि गोडादऱ्यात स्थिरावल्या. मुलगा प्रफुल्ल सुरतेजवळच्या सचिन गावात कपडा रंगवायच्या कारखान्यात होता आणि वस्तीतल्या बुद्धविहार समितीचा सचिव होता. बाई स्वतः सहा वर्षांपासून नानपुऱ्यात एका ट्रस्टच्या पुरातत्त्व आणि कला अभ्यास केंद्रात झाडूपोछा करत.

केंद्र म्हणजे एक जुनं दुमजली घर. खाली कार्यालय, वर दालन. दालनात काचेच्या कपाटांत मणी, नाणी, नाक तुटलेल्या मूर्ती, आणि मधोमध लाकडी चौथऱ्यावर, काचेशिवाय, एक मातीचा घडा. क्रमांक एकेचाळीस. केंद्राच्या प्रमुख चंचलबेन यांनी तरुणपणी तापीकाठच्या एका टेकाडातून तो स्वतःच्या हातांनी काढला होता. दीड हजार वर्षं जमिनीत राहून त्याचा टवकाही उडालेला नव्हता. गळ्याभोवती कुंभाराने ओल्या मातीत अंगठा दाबत दाबत अकरा खळ्यांची माळ केलेली होती. चंद्रभागाबाईंच्या माहेरी असले घडे उकिरड्यावर पडलेले असत, पण त्यांचं मत कोणी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

घडा फुटला तो वासी उत्तराणच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी सुरतेत जमिनीवर कोणी नसतं, सगळं शहर गच्चीवर असतं. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते म्हणून बाई फरशी पुसायला आल्या होत्या, आणि पहारेकरी पंडित वर गच्चीत पतंगाला ढील देत होता. कुणाचा तरी कटलेला पतंग खिडकीवरच्या कौलांवर पडला आणि त्याचा मांजा खिडकीच्या गजांतून आत लोंबला. मांजा दिसला की गुंडाळायचा, हे सुरतेत लहानथोरांच्या अंगवळणी पडलेलं आहे. बाईंनी पोछा ठेवला आणि बोटांवर मांजा गुंडाळायला घेतला. दुसरं टोक घड्याच्या गळ्यात अडकलं होतं हे त्यांना दिसलं नाही. मांजा येईना म्हणून त्यांनी हिसका दिला. घडा आला.

तो त्यांनी झेलला. पोटाशी घट्ट धरून त्या मटकन खाली बसल्या. घडा शाबूत होता, फक्त पडताना गळा चौथऱ्याच्या कोपऱ्याला लागून चार बोटं रुंदीचा तुकडा उडाला होता. तुकडा कुठे गेला म्हणून बघायला त्या उठल्या, एक पाऊल मागे सरकल्या, आणि तो टाचेखाली सापडला. म्हणजे त्याचं पीठ सापडलं. माळेतल्या तीन खळ्या गेल्या होत्या.

वर पंडितने कुणाचा तरी पतंग कापला आणि तो ओरडत नाचत होता.

आता इथे दुसरं कोणी असतं तर रडलं असतं किंवा पळालं असतं. पण चंद्रभागाबाईंचं बालपण बापाबरोबर वीटभट्टीवर गेलेलं. माती म्हटलं की त्यांच्या हातांना आपोआप सुचायचं. त्यांनी पीठ पदराच्या टोकात बांधलं आणि घड्याची फुटकी बाजू भिंतीकडे करून ठेवली. घरी येताना गोडादऱ्याजवळच्या माठवाल्याकडून मूठभर माती मागून आणली, पीठ चाळून तीत मिसळलं, थोडी राख घातली आणि कागदावर काढून आणलेल्या आकाराप्रमाणे तुकडा घडवला. मग त्यावर आपला उजवा अंगठा दाबला. एक, दोन, तीन. खोलीमागच्या मोकळ्या जागेत गोवऱ्या रचून तो भाजला. पहिला तडकला. दुसरा काळा पडला. तिसरा वाकला. चौथा असा उतरला की बाईंनी स्वतःच त्याच्याकडे दोन मिनिटं कौतुकाने पाहिलं. कडांवर चहाचं पाणी फिरवलं, डिंकाने तो बसवला आणि सांध्यात घड्याच्याच पिठाची पूड भरली. पाहुणे त्या आठवड्यात आलेच नाहीत, आणि चंचलबेन परगावी गेलेल्या होत्या. त्या परतल्या तेव्हा घडा नेहमीसारखा उभा होता.

पुढे वर्षभर बाईंच्या जिवाला घोर लागला तो वेगळ्याच कारणाने. पाहुणे आले की चंचलबेन त्यांना घड्यापाशी नेत आणि नेमक्या त्या तीन खळ्यांवर बोट ठेवत. बघा, म्हणत, बाकीच्या खळ्या जरा घाईच्या आहेत, पण इथे कारागिराचा हात स्थिर झाला, इथे त्याला स्वतःवर विश्वास आला. पाहुणे माना डोलवत. तिथेच फरशी पुसणाऱ्या चंद्रभागाबाई बादलीत तोंड घालत. त्यांना भीतीही वाटायची आणि, खरं सांगायचं तर, बरंही वाटायचं.

मग दिपाली आली.

दिपाली पाटील उधन्याची, आईवडील जळगावकडचे. ती संशोधनासाठी केंद्रात दाखल झाली होती आणि सोबत तिने एक कॅमेरा, एक संगणक आणि त्या संगणकात स्वतः दोन वर्षं शिकवलेली कृत्रिम बुद्धिमत्ता आणली होती. केंद्रात सगळे तिला नुसतं मशीन म्हणत. दिपाली बाईंना मावशी म्हणे आणि चहा पिताना काम समजावून सांगे. जुन्या भांड्यांवर कुंभारांच्या बोटांचे ठसे राहतात. बाईच्या बोटावरच्या रेघा बारीक असतात, पुरुषाच्या रुंद. माती भाजताना आकसते, तेही धरावं लागतं. माणसाच्या डोळ्याला हे जमत नाही, पण मशीनला हजारो ठसे दाखवले की ते सांगू शकतं, भांडं कोणी घडवलं. ज्यांचं नाव कुठेच लिहिलं गेलं नाही त्यांचा पत्ता लागेल, असं ती म्हणाली. बाईंना हे सगळं फार चांगलं वाटलं, आणि पत्ता लागेल हा शब्द अजिबात आवडला नाही.

मशीनची परीक्षा घ्यायला आजच्या माणसांचेही ठसे हवे होते. दिपालीने ओल्या मातीच्या चकत्या केल्या आणि केंद्रातल्या सगळ्यांना अंगठे दाबायला लावले. बाईंनी डावा पुढे केला. तिने दोन्ही मागितले. उजव्यावर लहानपणी विळा लागल्याची तिरकी खूण होती, ती पाहून दिपालीने दुखलं असेल ना म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, तेव्हा नाही दुखलं. चकती सात नंबरची झाली, भाजून आली आणि कपाटात गेली.

पुढचे पंधरा दिवस दिपाली हवेत होती. एकेचाळीस नंबरच्या घड्यावर दोन माणसांचे ठसे निघाले होते. आठ खळ्या पुरुषाच्या आणि तीन बाईच्या. दीड हजार वर्षांपूर्वी तापीकाठी नवरा-बायको मिळून भांडी घडवत होते, याचा असा पुरावा तिच्या माहितीत दुसरा नव्हता. तिने लेख लिहायला घेतला. चंचलबेननी पेढे आणवले. बाईंनी पेढा घेतला आणि पदराच्या टोकात बांधून ठेवला.

लेख पाठवण्याआधी दिपालीने शेवटची खातरजमा म्हणून जुने नवे सगळे ठसे एकत्र टाकले आणि मशीनला त्यांच्या जोड्या लावायला सांगितल्या. मशीनने घड्यावरच्या तीन खळ्यांची जोडी चकती क्रमांक सातशी लावली. खात्री सत्याण्णव टक्के. दिपालीने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिने दोन्ही ठसे पडद्यावर मोठे करून शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीत एक तिरकी रेघ होती.

दिपालीने चंचलबेनना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि पहिल्यांदा नोंदवही उघडली. घडा अखंड, दुरुस्ती नाही, खाली त्यांचीच तरुणपणीची सही. मग प्रश्नच मिटला. दीड हजार वर्षांपूर्वीच्या घड्यावर आजच्या बाईचा अंगठा उमटू शकत नाही, तेव्हा मशीन चुकतं आहे. आणि मशीन इथे इतक्या ठामपणे चुकत असेल तर आधी सांगितलेलं सगळंच संशयात. त्यांनी लेख थांबवायला सांगितला.

दाराशी उभ्या पंडितने मात्र यातून वेगळाच अर्थ काढला. पंडित गोडादऱ्यातच राहायचा. संध्याकाळी बाई शटल रिक्षाने घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती: मशीनने शोधून काढलं की चंद्रभागाबाई गेल्या जन्मी कुंभारीण होत्या आणि तापीच्या काठी घडे करत होत्या.

दारात चपला पाहून बाईंना वाटलं, घरात कोणाला काही झालं. आत शेजारच्या शोभाबाई नारळ घेऊन बसल्या होत्या. शोभाबाई परभणीकडच्या, मनाने मऊ आणि श्रद्धेने कडक. त्यांनी बाईंच्या अंगठ्याला हळदकुंकू लावायची परवानगी मागितली. मागे आणखी सहा जणी होत्या. एकीला विचारायचं होतं की मागच्या जन्मी आपली सासू कोण होती, तेवढं दिसतं का. दुसरीने आपल्या घरचा माठ आणला होता. पाणी थंड राहत नाही, नुसता हात लावून द्या म्हणाली.

नागनाथ पलंगावर बसून हे सगळं बघत होते. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना अर्धं ऐकू येई आणि उरलेलं अर्धं ते स्वतः पूर्ण करत. त्यांना 'घडा' आणि 'मशीनने पकडलं' एवढंच ऐकू आलं. बायका गेल्यावर त्यांनी अतिशय गंभीरपणे विचारलं, "घडा चोरला का तू?"

"नाही," बाई म्हणाल्या. चोरला नव्हता, हे खरंच होतं.

खरा स्फोट प्रफुल्ल घरी आल्यावर झाला. समितीच्या सचिवाच्या आईचा पुनर्जन्म झाला होता. पुढच्या रविवारी विहारात त्याचंच भाषण होतं, विषय 'अंधश्रद्धा आणि आपण'. फळ्यावर लिहूनही झालं होतं. त्याने आईसमोर बसून आत्मा, पुनर्जन्म वगैरे काही नसतं हे अर्धा तास समजावून सांगितलं. बाई म्हणाल्या की त्यांनाही ते पटतं. मग मशीनने असं का सांगितलं, असं त्याने विचारलं. बाईंनी भाकरी उलटली. प्रफुल्लने ठरवून टाकलं की मशीन भंकस आहे.

रविवारी विहारात सगळ्यांनी मिळून पंचशील घेतलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तीस वर्षं जी ओळ बाईंच्या तोंडून आपोआप यायची, ती त्या दिवशी आलीच नाही. त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. मग खोकलाही खोटाच होता हे लक्षात येऊन त्यांना खरोखरच ठसका लागला. शेजारच्या बाईने पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, जुनं काही आठवतंय का.

सोमवारी त्या केंद्रात गेल्या तेव्हा दिपाली तारा गुंडाळत होती. ट्रस्टच्या बैठकीत ठरलं होतं की मशीनचं काम बंद करावं. तिच्या मार्गदर्शकांनीही विषय बदलायचा सल्ला दिला होता. ती प्रत्येक तार मोजून मापून गोल करत होती, जणू तेवढं तरी बरोबर व्हावं. बाई पोछा घेऊन दारातच थांबल्या. दिपाली म्हणाली, "मावशी, एक सांगू? मी त्याला शंभर वेळा तपासलं. मला त्यात चूक सापडत नाही. पण ते चुकतंय, एवढं मात्र खरं."

वर्षभर बाईंना वाटत होतं की आपल्या लबाडीने कोणाचंच नुकसान झालं नाही. उलट घडा दिसायला बरा झाला. आता समोर ही पोर होती, जिने दोन वर्षं एका मशीनला खरं ओळखायला शिकवलं, आणि ते खरं बोललं म्हणून त्याची बोळवण चालली होती. ते खरं बोललं हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं आणि ते माणूस हातात पोछा घेऊन उभं होतं.

त्यांनी पोछा बादलीत ठेवला, हात पदराला पुसले आणि दिपालीला घेऊन चंचलबेनच्या खोलीत गेल्या.

"बेन," त्या म्हणाल्या, "मशीन बरोबर सांगते. ते तीन अंगठे माहेच हायेत. मागच्या संक्रांतीले घडा मी फोडला, अन् मीच सांधला."

चंचलबेननी चष्मा काढला. मग उठून त्यांनी बाईंचे हात हातात घेतले. "चंद्राबेन," त्या भरल्या आवाजात म्हणाल्या, "तुमचं मन फार मोटुं आहे. पण या छोकरीला वाचवायला खोटं बोलू नका."

बाई चक्रावल्या. त्यांनी मांजा सांगितला, टाच सांगितली, गोवऱ्या सांगितल्या. जितकं जास्त सांगावं तितकी चंचलबेनच्या डोळ्यांतली माया वाढत गेली. त्यांनी तीस वर्षं तो घडा पाहिला होता, रोज पाहिला होता, त्यावर चार व्याख्यानं दिली होती. एक झाडूपोछा करणारी बाई गोवऱ्यांवर असा तुकडा भाजते आणि तो आपल्याला कळत नाही, हे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हतं. दिपालीचेही डोळे पाणावले होते. तिनेही मावशी, असं नका करू, म्हणून समजूत घातली. खोटं कधी जमलं नाही ते जमलं नाहीच, आणि आता खरंही जमेना.

घरी जाताना रिक्षात बाईंना राग येत गेला. फोडल्याची कबुली एक वेळ राहू दे, पण सांधला कोणी ते तरी मान्य करा.

दुसऱ्या दिवशी त्या डब्यात भाजीऐवजी तीन तुकडे घेऊन आल्या. बिघडलेला एकही तुकडा त्यांनी टाकला नव्हता, कारण त्या काहीच टाकत नसत. तडकलेला मोरीत साबणाखाली होता, वाकलेला पलंगाच्या आखूड पायाखाली, काळा पडलेला लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर वजन म्हणून. काळ्याला अजून कैरीचा वास येत होता. तिन्ही त्यांनी चंचलबेनच्या टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येकावर तीन खळ्या होत्या आणि प्रत्येक खळीत तिरकी रेघ.

दिपालीने गुंडाळलेल्या तारा सोडल्या, संगणक लावला, एकेक तुकडा कॅमेऱ्याखाली धरला. चकती क्रमांक सात. चकती क्रमांक सात. चकती क्रमांक सात. साबणाखालच्या तुकड्यावर मशीन जरा अडखळलं, एक्याऐंशी टक्के म्हणालं, पण ते फेसामुळे. मग तिघी वर गेल्या. चंचलबेननी भिंग घेतलं, घड्याचा गळा कोमट ओल्या फडक्याने हळूहळू पुसला, आणि चहाचा रंग फडक्यावर उतरला.

त्या तिथेच, चौथऱ्याला टेकून, फरशीवर बसल्या. चंद्रभागाबाईंना वाटलं, आता नोकरी गेली. चंचलबेन म्हणाल्या, "कारागिराला इथे स्वतःवर विश्वास आला, असं मी लोकांना सांगत होते."

"चौथ्यांदा भाजला होता ना," बाई म्हणाल्या. "तवा विश्वास येतेच."

आधी दिपालीला हसू फुटलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला आणि ते नाकातून बाहेर आलं. चंचलबेन हसल्या नाहीत. त्यांनी बाईंना स्पष्ट सांगितलं की वस्तू हातून पडते, माणसाच्या हातून जगात सगळं पडलेलं आहे, पण लपवलं त्याने वर्षभर सगळा अभ्यास नासला. एक महिना दालनात पाऊल ठेवायचं नाही, खाली आवार झाडायचं. बाईंनी मान हलवली. शिक्षा झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या जिना उतरताना गुणगुणत होत्या, आणि ते ऐकून चंचलबेनना पुन्हा राग आला. ट्रस्टींना मात्र चंचलबेननी स्वतः सगळं सांगितलं, नोंदवहीत लाल शाईने स्वतःची चूक लिहिली, आणि मशीनचं काम चालू राहिलं. दिपालीचं तापीकाठचं नवरा-बायकोचं घर तेवढं मोडलं. घडा एकट्या पुरुषाने केला होता.

वस्तीत प्रफुल्लने लगोलग सभा घेतली. पुनर्जन्म कसा डिंकाने चिकटवला होता हे त्याने आईच्या समोर, आईच्याच परवानगीने सांगितलं. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर शोभाबाई बाईंजवळ येऊन बसल्या. त्यांना अजिबात पटलं नव्हतं. "शिकवलं कुणी नाही आन् जुन्या घड्यात बसंल असा तुकडा तुमच्या हातून उतरला," त्या म्हणाल्या, "ते काय उगं व्हय, बाई?" बाईंनी वीटभट्टीचं सांगितलं. शोभाबाई समजुतीने हसल्या. थोर माणसं असंच सांगतात, असा त्यांचा अनुभव होता.

महिना संपला आणि चंचलबेननी बाईंना खोलीत बोलावलं. दिपालीही होती. त्यांना एक काम सांगायचं होतं. मशीन खरं ओळखतं हे जगाला पटवायचं तर त्याला फसवून बघायला हवं, आणि सुरतेत आतापर्यंत या केंद्राला कोणी फसवू शकलं असेल तर ते एकच माणूस आहे. बाईंनी चाळीस तुकडे करायचे. माती, भाजणी, रंग सगळं जुन्यासारखं. अंगठे वेगवेगळ्या माणसांचे, आणि कोणाचे ते दिपालीला सांगायचं नाही. नोंद फक्त चंचलबेनकडे.

बाईंनी हे काम असं मनावर घेतलं की घरात वरणाला फोडणी पडेना. शोभाबाईंनी सगळ्यांच्या आधी अंगठा दिला. सून विशाखाने दिला, प्रफुल्लने विज्ञानासाठी म्हणून दिला, पंडितने दिला, माठवाल्याने दिला. शेवटचे चार राहिले तेव्हा बाईंनी दारात बसलेल्या नागनाथांचा हात धरून मातीवर दाबला. हे कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही. सही-अंगठ्याची सवय होती.

चाळीस तुकडे गेले. मशीनने बाई, पुरुष, वय, सगळं बरोबर सांगत छत्तीस तुकडे ओळखले. चारांवर म्हणालं: मानवी ठसा नाही, लाकडी साधनाची खूण.

दिपालीने बाईंना हसत म्हटलं, मावशी, काठी वापरलीत ना, पकडलं. बाईंनी नाही म्हटलं. चंचलबेननी नोंद काढली. चारही तुकड्यांसमोर एकच नाव होतं, नागनाथ तायडे.

"काठी काहून," बाई म्हणाल्या, "नवरा हाये माहा."

मग त्यांनी सांगितलं. लूमवर तुटलेल्या धाग्याला गाठ मारायची ती अंगठ्याने पिळून. दिवसाला कितीदा, त्याला मोजदाद नाही. तीस वर्षं. नागनाथांच्या अंगठ्यावर रेघ म्हणून उरलेली नाही. रेशनच्या मशीनवरही तो लागत नाही, धान्य प्रफुल्लच्या अंगठ्यावर येतं.

दिपालीने संगणकात जुनी यादी उघडली आणि ती चंचलबेनकडे वळून बोलू लागली. घडा सापडला त्या टेकाडावरच्या बासष्ट तुकड्यांवर मशीनने लाकडी साधन असं लिहिलं होतं, आणि आपण ते तपासलंही नव्हतं, कारण साधनाला नाव नसतं, वय नसतं. ते लोक असतील तर? ज्यांनी इतकी भांडी केली की बोटं गुळगुळीत झाली, तेच लोक?

चंचलबेननी ते चार तुकडे जवळ ओढून घेतले. मग त्यांनी बाईंना विचारलं, तुमचे मिस्टर उद्या येऊ शकतील का.

नागनाथ इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि दिपालीने त्यांच्या दोन्ही हातांची दहाही बोटं पुन्हा पुन्हा मातीवर दाबून घेतली, वरून कॅमेऱ्याने टिपली. कशासाठी ते तिने कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं. नागनाथांनी सगळं ऐकून घेतलं आणि बायकोकडे वळून समाधानाने म्हणाले, "शेवटी माहा अंगठा लागला म्हनते."

बाईंनी दुरुस्त केलं नाही. त्यांना आत जायचं होतं. खालच्या कोठारातल्या पेट्यांतून बासष्ट तुकडे काढून वर आणायचे होते, आणि चंचलबेननी ते काम त्यांनाच सांगितलं होतं. एका वेळी एक तुकडा, दोन्ही हातांत धरून, जिना सावकाश चढायचा. पहिल्या तुकड्याला चंचलबेन त्यांच्या शेजारून, हात पुढे धरून, पायरी पायरीने चालत आल्या. दहाव्याला त्या जिन्याच्या तोंडाशी नुसत्या उभ्या होत्या. विसाव्याच्या वेळी त्या टेबलाशी नागनाथांचा अंगठा भिंगाखाली धरून बसल्या होत्या आणि त्यांनी वर पाहिलंही नाही.